दप्तरातील अक्षरे

इंदुरातील आमच्या घरी पणजोबांची मोडीतील दप्तरे आहेत. ती वाचणारा कोणी उरला नाही, ही खंत आम्ही वरचेवर बोलून दाखवीत असू. तीच पाळी आमच्या पिढीच्या मजकुरावर येईल, असे मात्र वाटले नव्हते.

2022 साली मंडळाने अंकाच्या पानजुळणीसाठी नवी संगणकप्रणाली घेतली आणि मागील अंक संकेतस्थळावर चढवावयाचे ठरविले. पहिलेच पान उघडले, तो मराठीच्या जागी रोमन अक्षरांची भाऊगर्दी! मजकूर चौकटीबाहेर सांडलेला. जुन्या फाँटात देवनागरी आकार रोमन अक्षरांच्याच संकेतांकांवर बसविलेले होते. फाँट गेला, आणि सोंग उतरले. युनिकोडने देवनागरीला स्वतंत्र संकेतांक 1991 सालीच दिले होते. गाफील आम्हीच राहिलो.

रूपांतर करून पाहिले, तर ऱ्हस्व वेलांट्या भलत्याच अक्षरांना चिकटल्या. जुन्या पद्धतीत वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकित होई. युनिकोडात ती व्यंजनानंतर नोंदली जाते.

त्या अंकांत आमच्या दिवंगत वडीलबंधूंचा अखेरचा लेख होता. सुदैवाने छापील प्रत हाती होती. ती समोर ठेवून आम्ही तो लेख अक्षरशः पुन्हा टंकित केला. त्यांची एक शुद्धलेखनाची चूक आढळली. ती तशीच राहू दिली.

उभी हयात सरकारी दप्तर सांभाळण्यात गेली, घरचे मात्र तसेच राहिले. ते काम संपताच आम्ही पणजोबांचे दप्तर माळ्यावरून खाली काढले. सध्या मोडीची बाराखडी गिरवीत आहोत.