वेगळी चूल

सासुरवाडीला गेलेल्या जावयाने कामाला हात लावू नये, असा आपल्याकडे पूर्वापार संकेत आहे. आमच्या लग्नाला आता पस्तीस वर्षं होत आली. एवढ्या काळात मी बाकीचे फारसे संकेत पाळले नाहीत. पण हा एक मात्र प्राणपणाने जपला. धसईला गेलं की ओटीवर तक्क्याला टेकून बसायचं, तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं पुढ्यात आलं की ‘पुरे, पुरे’ म्हणत तीनदा घ्यायचं आणि मेव्हण्याने ‘दाजी, जरा पडा आता’ म्हटलं की त्याचा मान राखायचा. हा माझा धसईतला दिनक्रम. तो एकदाच मोडला, १२ जानेवारी २०२० या दिवशी, आणि तोसुद्धा गोठ्यामागच्या उकिरड्यावर उभं राहून मोडला.

धसई हे मुरबाड तालुक्यातलं, सह्याद्रीच्या पायथ्याचं गाव. मुंबई-ठाण्याच्या लोकांना ते २०१६ साली माहीत झालं. नोटाबंदी झाली आणि १ डिसेंबरला महाराष्ट्रातलं पहिलं ‘कॅशलेस’ गाव म्हणून धसईची घोषणा झाली. दुकानादुकानांतून कार्ड घासायची यंत्रं आली, वर्तमानपत्रांतून फोटो आले. मी मोठ्या कौतुकाने सासरेबुवांना फोन केला, तर ते म्हणाले, “जावईबापू, आमचं निम्मं गाव माझ्या वहीवर जेवतंय ते काय कॅश देऊन? आम्ही आधीपासूनच कॅशलेस.”

सासरेबुवांचं रेशनचं दुकान होतं. ‘रास्त भावाचं’ असं पाटीवर लिहिलेलं. पण रेशनचं म्हटल्याशिवाय कुणाला कळत नसे. तहसीलदारांच्या सहीचा परवाना काचेच्या चौकटीत, गणपतीच्या तसबिरीशेजारी. उदबत्ती दोघांनाही.

आणि मी? मी कल्याणच्या एका पतसंस्थेत संगणक विभागाचा प्रमुख. विभागात माणसं दोन. एक मी, आणि दुसरा तो हाताखालचा पोरगा, ज्याचा मी प्रमुख. माझं काम काय, हे आमच्या हिला आजतागायत कळलेलं नाही, त्यामुळे वाचकांना एका परिच्छेदात कळेल अशी आशा मी धरत नाही. तरी सांगून बघतो. पूर्वी एका कामाला एक संगणक असे. मग एका मोठ्या यंत्राच्या पोटात दहा-बारा काल्पनिक यंत्रं बसवायची युक्ती निघाली. चाळच म्हणा ना! इमारत एक, बिऱ्हाडं बारा. फरक इतकाच, की प्रत्येक बिऱ्हाडाला वाटतं, आपण स्वतंत्र बंगल्यात राहतो. अशा आमच्या तीन चाळी होत्या आणि तिन्हींवर देखरेख करणारा एक मध्यवर्ती कारभारी होता. चाळीचं नाव ईएसएक्सआय, कारभाऱ्याचं व्हीसेंटर, आणि हे सगळं व्हीएमवेअर नावाच्या अमेरिकन कंपनीचं. यातली खरी मौज अशी, की हा कारभारीसुद्धा काल्पनिकच. तोही यांतल्याच एका चाळीत एक खोली घेऊन राहतो. ज्या चाळीवर हुकूम चालवायचा तिचाच भाडेकरू! हे लक्षात ठेवा, पुढे रडण्याच्या वेळी उपयोगी पडेल.

या सगळ्याला परवाना लागतो. तेव्हा परवाना म्हणजे पाच-पाच अक्षरांचे पाच गट, एकूण पंचवीस अक्षरं. आमच्याकडे होता तो लहान संस्थांसाठीचा, स्वस्तातला. त्याची अट अशी, की चाळी तीनच. चौथी बांधायला मनाई नाही. पण मग तिला या कारभाऱ्याच्या हाताखाली घेता येत नाही. आणि मी चौथी बांधली. म्हणजे नवीन सर्व्हर घेतला. मोठ्या परवान्याचा प्रस्ताव संचालक मंडळापुढे ठेवला, आणि तोपर्यंत काय करायचं म्हणून एक मध्यममार्ग काढला. या सॉफ्टवेअरमध्ये तेव्हा साठ दिवस चाखून बघायची सोय असे. परवाना न घालता सगळं वापरा. साठ दिवसांनी पैसे भरा नाही तर गप्प बसा. मी चारही यंत्रांवर नवी आवृत्ती कोरी करकरीत चढवली, नवा कारभारी नेमला आणि सगळा संसार चाखण्याच्या बोलीवर उभा केला. तारीख १३ नोव्हेंबर २०१९.

साठ दिवसांत मंडळाची मंजुरी होईल, असं मला वाटलं. वय वर्षं पंचावन्न, त्यातली एकतीस सहकार क्षेत्रात काढलेली, आणि तरी असं वाटलं! मंडळाने तीन कोटेशनं मागवली. तिन्ही आली, तर एकावर तारीख नव्हती. तारीख आली, तोवर अध्यक्ष यात्रेला गेले. मधल्या काळात कारभारी रोज पिवळ्या पट्टीत सांगायचा, बाबा रे, इतके दिवस उरले. मी रोज सकाळी त्या पट्टीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर बोट ठेवून तिला घालवत असे. पट्टी गेली की दिवस उरतात, असा काहीतरी माझा समज झाला असावा.

त्या साली पौष पौर्णिमा शुक्रवारी आली होती. म्हसा गावची यात्रा सुरू झाली होती आणि रविवारी सगळ्यांनी यात्रेला जायचं, घोंगड्या घ्यायच्या, असा बेत ठरला. गाडीत बसणार एवढ्यात फोन.

“सर, व्हीसेंटरमध्ये चारही सर्व्हर लाल झालेत. डिस्कनेक्टेड दाखवतंय.”

मी मनातल्या मनात बोटं मोजली. नोव्हेंबरचे सतरा, डिसेंबरचे एकतीस, जानेवारीचे बारा. साठ. माझ्या पोटात खड्डा पडला.

साठाव्या दिवशी नेमकं काय होतं, हे मला पाठ होतं. कारभाऱ्याचा आणि चाळींचा संबंध तुटतो. पण चाळीतली जी बिऱ्हाडं जागी आहेत ती जागीच राहतात, त्यांचं काम सुरळीत चालतं. फक्त त्यांतलं एखादं झोपलं, की ते पुन्हा उठत नाही. परवाना मिळेपर्यंत नाही म्हणजे नाही. तेव्हा या प्रसंगी शहाण्या माणसाने एकच गोष्ट करायची असते. काहीही बंद करायचं नाही. आणि संगणक बिघडला की प्रत्येक माणूस पहिली गोष्ट कोणती करतो? बंद करून चालू करतो! आमचा पोरगा तर या उपायाचा धन्वंतरी. सोमवारी सकाळी पेन्शनर मंडळी संक्रांतीच्या खर्चाला व्याज काढायला रांग लावणार होती, आणि त्यांची खाती या चाळींतल्याच एका बिऱ्हाडात होती.

मी ओरडलो, “अरे, काहीही बंद करू नकोस!”

सासुरवाडीच्या ओटीवर आवाज तुटक येतो. तिकडे पोहोचलं ते असं: “काहीही बंद कर”. आणि फोन कट.

पुन्हा संपर्क साधायला मला वीस मिनिटं लागली. धसईत आमच्या घरी रेंज मिळण्याची एकच खात्रीची जागा आहे, ती गोठ्यामागच्या उकिरड्याच्या माथ्यावर. नवा लेंगा वर खोचून मी तिथे चढलो. मेव्हणा खालून म्हणाला, “दाजी, थोडं डावीकडं. मी तिथनंच ग्रामपंचायतीला फोन लावतो.”

पोरगा खुशीत होता. “सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे बंद केलं. आधी व्हीसेंटरच केलं. पण आता ते चालू होत नाहीये.”

“आणखी काय बंद केलंस?”

“तेवढंच. बाकीचं जेवून करणार होतो.”

देवाने त्या पोराला भूक दिली म्हणून शेकडो पेन्शनरांची संक्रांत वाचली.

आता परिस्थिती अशी, की कारभारी झोपला. तो ज्या चाळीत राहत होता तिचा परवाना संपलेला. म्हणून त्याला उठवता येत नाही. आणि परवाना घालायचा तो आम्ही आजवर कारभाऱ्याकडूनच घालून घेतलेला. विकत देणाऱ्या एजन्सीच्या माणसाला पोराने आधीच फोन केला होता. तो म्हणे सहकुटुंब सिंगापूरला होता.

हे सासरेबुवांनी ऐकलं. ते काठी टेकत गोठ्यापर्यंत आले होते. “सिंगापूरला? मग त्यात काय एवढं! पळूच्या पुढं तर हाय. कुणाकडं उतरलाय? मोटरसायकल पाठवतो.” धसईहून पळूच्या वाटेने पुढे डोंगराखाली सिंगापूर नावाचं गाव खरोखरच आहे. ते नव्हे, विमानाने जातात ते, हे समजावताना माझी दोन मिनिटं आणि मोबाईलचे चार टक्के गेले.

“बरं, झालंय काय ते तरी सांगा,” सासरेबुवा म्हणाले. ज्या माणसाला बायकोनेही कधी हे विचारलं नाही, त्याला सासऱ्याने विचारावं! मी उकिरड्यावरून सगळं सांगितलं. चाळ वगैरे नाही. त्यांच्या भाषेत, कार्ड आणि दुकान. ते डोळे मिटून ऐकत होते.

“म्हंजी जुनं तीन घरांचं कार्ड तुमच्याकडं हायच की. रद्द झालंय का ते?”

“रद्द नाही. पडून आहे.”

“मग चार घरांच्या नव्या कार्डापायी पडून कशाला ठेवलं? तीन घरं त्याच्यावर घाला. चौथ्याची वेगळी चूल मांडा.”

मी सर्द झालो. जुना परवाना सहाव्या आवृत्तीचा, आणि नवी चढवलेली ६.७ ही त्याच घराण्यातली. किल्ल्या चालणार होत्या. मोठ्या परवान्याच्या नादात खिशातलं नाणं मी विसरूनच गेलो होतो.

“पण घालणार कसं? कारभारी झोपलाय ना.”

“तहसील बंद असलं म्हंजी दुकानदार काय करतो? घरी जाऊन वही बघतो. तुमच्या यंत्राला स्वतःचं दार नाही का?”

होतं! प्रत्येक चाळीला स्वतःचं दार असतं. तिच्या पत्त्यावर थेट जाऊन, तिच्याच पासवर्डने आत शिरून परवाना घालता येतो. फक्त कारभारी दिमतीला आल्यापासून त्या दाराने कुणी जात नव्हतं.

किल्ल्या माझ्या पाकिटातल्या चिठ्ठीवर होत्या. त्या फोनवरून सांगणं हा स्वतंत्र सोहळा. पोराला डीचा बी ऐकू येई, एमचा एन. शेवटी मी तालुक्याचा नकाशाच काढला. “एम मुरबाडचा, एन नाणेघाटचा. डी धसईचा! बी बारवी धरणाचा. टी टोकावड्याचा, एस सरळगावचा.” खाली जमलेली पोरंटोरं एकेक गाव येईल तसा गजर करत होती. त्यांना वाटलं, एसटीच्या गाड्या लागताहेत.

ज्या चाळीत कारभारी होता तिला आधी किल्ली लागली. कारभारी उठला. उठल्याबरोबर त्याच्या हातात लहान परवाना दिला, तर अडून बसला. म्हणे, माझ्याकडे चार आहेत, हा परवाना तिघांचा. मग चौथ्याला यादीतून काढून टाकलं, आणि तेव्हा कुठे त्याने तो मुकाट स्वीकारला. उरलेल्या दोघांना किल्ल्या लावल्या. चौथ्याला त्या वेळी मिळणारा फुकट परवाना घातला. फुकट परवान्यात यंत्र चालतं. पण कुठल्याच कारभाऱ्याच्या हाताखाली राहू शकत नाही. सगळं मिळून सव्वातीन तास. मी उतरलो तेव्हा माझ्या लेंग्याकडे बघून सासूबाई एवढंच म्हणाल्या, “पाणी तापवलंय.”

रात्री ओटीवर मी सासरेबुवांना म्हटलं, “तुमच्या दुकानात असं कधी झालं होतं का? कार्ड संपलंय आणि माणूस समोर उभा?”

“व्हायचं की. दरसाल.” ते चुना मळत होते. “कातकरी लोकं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायची. पावसाच्या तोंडावर परत यायची, तर मधल्या तपासणीत नाव उडालेलं. जागेवर नव्हती, म्हणून. जिवंत माणसं, पोरं कडेवर, आणि कागदावर नाहीत.”

“मग?”

“मग काय! द्यायचं माझ्या घरच्या कणगीतलं, आणि नाव परत चढेस्तोवर तहसिलाला खेटे घालायचे. एक डाव नऊ खेटे झाले होते.” थोडा वेळ थांबून म्हणाले, “तुमच्या यंत्राला एवढं तरी बरं. जागं असलेल्याला ते उठवून हाकलत नाही.”

मोठा परवाना मंडळाने यथावकाश मंजूर केला. तोवर चौथा सर्व्हर वेगळ्या चुलीवर सुखात होता. त्याची चौकशी करायला पोरगा रोज सकाळी स्वतंत्र दाराने जायचा.

मी निवृत्त झालो त्याच्या सुमारास, नोव्हेंबर २०२३ मध्ये, ती कंपनीच ब्रॉडकॉम नावाच्या दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि डिसेंबरमध्ये कायमचे परवाने विकणं बंद झालं. आता भाड्याने, ठरावीक मुदतीचे; आणि मोजायचे ते यंत्राच्या मेंदूतल्या गाभ्यांवर. एका मेंदूत आठच गाभे असले, तरी हिशेब किमान सोळांचा. हे मी सासरेबुवांना सांगितलं. त्यांचं दुकान तोवर मेव्हण्याकडे गेलं होतं, काउंटरवर अंगठ्याचं यंत्र आलं होतं, आणि लावणीने झिजलेले अंगठे त्याला ओळखू येत नाहीत म्हणून बायका पदराला बोटं पुसून पुसून पुन्हा टेकवत होत्या.

“घरात आठ माणसं, आणि युनिट सोळा?” सासरेबुवांनी दोनदा विचारलं. मग चौकटीतल्या परवान्याकडे बघून म्हणाले, “असं मी एकदा जरी लिहिलं असतं ना, तर पुरवठा निरीक्षकाने दुकानाला सील ठोकलं असतं.”

घोंगड्या मात्र त्या वर्षी राहिल्याच. ही अजून काढते.