गळ लपवू नका

“मास्तर, गय कायले लपवता? मासोयी काय डोयानं खाते?”

अकोल्याला कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवायला लागून मला दोनच महिने झाले होते. गांधीग्रामच्या पुलाच्या पुढं पूर्णेचा एक डोह आहे, तिथं रविवारी गळ टाकून बसलो होतो. श्रावणात राजराजेश्वराच्या कावडी याच गांधीग्रामहून पाणी नेतात. तेव्हा मात्र दिवाळी होऊन गेली होती आणि पाणी निवळलं होतं. मी कणकेचा गोळा मळून त्यात गळ अगदी मोदकातल्या सारणासारखा बंद केला होता. तासभर तरंगता डुबुक-डुबुक करत होता, मी काठी उचलत होतो आणि गोळा नाहीसा झालेला रिकामा गळ वर येत होता. शेजारी जाळं विणत बसलेल्या भोईकाकांना शेवटी राहवलं नाही. वरचं वाक्य त्यांचं आहे.

त्या वेळी मी हसलो. आमिष म्हणजे गळ लपवायची वस्तू, असंच माझंही गणित होतं. अमरावती-अकोल्याच्या कोणत्याही तळ्यावर आज जाऊन पाहा, दहातले आठजण हेच करताना दिसतील.

त्या सोमवारी मी प्रयोगशाळेतल्या काचेच्या टाकीत रोहूच्या कुळातल्या सायप्रिनस माशाची वीतभर लांबीची तीन पिल्लं सोडली. कानशीनं टोक बोथट केलेला एक गळ कणकेत लपवला आणि दोऱ्यानं तळाशी ठेवला. मासा आला, ओठ नळीसारखे पुढं काढले आणि गोळा आत ओढला. मी दोरा ओढायचा विचार करेपर्यंत गोळा बाहेर थुंकूनही झाला होता. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. दरवेळी कणकेचा एक थर कमी व्हायचा. सहाव्या-सातव्या खेपेला गळ उघडा पडला आणि मासा त्याला शिवलासुद्धा नाही. वर तरंगता असता तर मी या प्रत्येक खेपेला ‘लागला, लागला’ म्हणून काठी उचलली असती.

याचं कारण माशाच्या तोंडात आहे. या कुळातल्या माशांच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. टाळूवर एक मांसल गादी असते. चिखल आणि अन्न एकत्र ओढून घ्यायचं, गादीवर चाखून निवडायचं आणि नको ते बाहेर फेकायचं, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. आपल्या घरी सुपात धान्य पाखडतात, तसं हे तोंडात पाखडणं. शिवाय याला जठर नसतं, घशाखाली थेट आतडं सुरू होतं. म्हणून एकदम पोटभर जेवायचं नाही, थोडं थोडं सतत टिपत राहायचं. मरळीसारखा हा झडप घालून गिळत नाही. मरळीची अक्कल रोहूला लावली की हात रिकामे राहतात.

इंग्रजीत ज्याला कार्प म्हणतात तो काही एक मासा नव्हे, ते अख्खं खानदान आहे. आपल्याकडं त्यातले मुख्य चार. कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे गंगेकडचे. त्यांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं, तळ्यातल्या साचलेल्या पाण्यात ते विणीला येत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून त्यांची वीण घडवून आणली. तेव्हापासून मत्स्यजिरे, म्हणजे माशांची अगदी बारीक पिल्लं, हवे तेव्हा, हवे तितके मिळू लागले. आज आपल्या धरणांत जे कटला-रोहू आहेत, ते बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडून वाढवलेले आहेत. चौथा सायप्रिनस परदेशी, 1939 साली सिलोनहून निलगिरीत आणलेला. वऱ्हाडातल्या मासळीबाजारात एखाद्या माशाचं लॅटिन नाव विकणाऱ्या बाईच्या तोंडी ऐकायचं असेल तर ते एवढं एकच.

आमिष कोणतं, याच्या आधी तोंड कोणतं ते पाहावं. कटल्याचं डोकं मोठं आणि तोंड वर वळलेलं. तो वरच्या-मधल्या पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. त्याला तळाशी गोळा टाकून बसणं म्हणजे माडीवर राहणाऱ्याला तळघरात बोलावणं. रोहूचे ओठ झालरीचे, तो मधल्या पाण्यातला, पण तळाशीही उतरतो. मृगळ तळाचा. सायप्रिनसला मिशांच्या दोन जोड्या, तो चिखलात नाक खुपसून फिरतो.

आता आमिष. बाजारात स्ट्रॉबेरीच्या वासाच्या विलायती पुड्या मिळतात. मी त्यांवर बरेच पैसे घालवले. वऱ्हाडच्या स्वयंपाकघरात आणि गोठ्यात जे आहे त्यापलीकडं काही लागत नाही, असं आता माझं मत आहे. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, एक वाटी कणीक, अर्धी वाटी भाजून कुटलेली शेंगदाण्याची ढेप. भाकरीला घालतो तसं आधण घालून उकड काढायची. नुसत्या ज्वारीला चिकटपणा नसतो, पाण्यात गोळा फुटतो, म्हणून कणीक. वासाला भाजलेली बडीशेप किंवा चिमूटभर हिंग. दोन्ही एकदम नको. आणि शेवटी मळताना कापसाचे पिंजलेले तंतू, अगदी थोडे. गोळा गळावरून निसटत नाही. आयझॅक वॉल्टन या इंग्रज गृहस्थानं 1653 सालच्या पुस्तकात कार्पच्या गोळ्यात लोकर मिसळायला सांगितली आहे. त्याच्याकडं मेंढ्या होत्या, आपल्याकडं कापूस आहे.

सरकीच्या ढेपेबद्दल मात्र वऱ्हाडात राहून वाईट बोलायची वेळ आहे. म्हशीला ती अमृत असेल. माझ्या अनुभवात तिचं टरफल मासा थुंकत बसतो आणि बाकीचं आमिषही त्याच्यासोबत जातं. शेंगदाणा ढेप आणि भाताचा कोंडा समभाग ही मत्स्यशेतीतली जुनी खुराक, तीच चाऱ्याला घ्यावी.

चारा म्हणजे गळाभोवती टाकायचं खाणं. याला आंबवलेल्या ज्वारीसारखी दुसरी गोष्ट नाही. दोन दिवस भिजवून शिजवायची आणि त्याच पाण्यात आणखी एक दिवस झाकून ठेवायची. घरात त्या वासावरून भांडण होतं, हे आधीच सांगून ठेवतो. आंबल्यावर प्रथिनं सुटी होतात, अमिनो आम्लं पाण्यात उतरतात आणि मिशांवर, ओठांवर, पार कातडीवरही रुचिकलिका असलेल्या माशाला ती दुरून कळतात. पावसाळ्यानंतरच्या गढूळ पाण्यात डोळ्याचा उपयोग नसतो. भोईकाका बोलले ते शास्त्राला धरूनच होतं. फक्त कोरडं किंवा अर्धकच्चं धान्य पाण्यात टाकू नका. ते माशाच्या आतड्यात फुगतं आणि जठर नसलेल्या जीवाला ते जड जातं.

चारा किती? मूठ-दोन मुठी. आमच्याकडं पाव्हण्याला आग्रह करून वाढायची रीत आहे, ती तळ्यावर नको. पोट भरलेला मासा गळाकडं कशाला येईल?

आता गळ. 1980च्या सुमारास इंग्लंडमध्ये लेन मिडलटन आणि केविन मॅडॉक्स या दोघांनी आमिष गळावर न लावता गळाच्या शेजारी, एका केसाला बांधून लोंबतं ठेवलं. पुढं केसाच्या जागी दोरा आला, पण नाव केसाचंच राहिलं. मासा आमिष ओढून घेतो, मागोमाग मोकळा गळ आत जातो. संशय येऊन तो थुंकतो तेव्हा आमिष आधी बाहेर येतं आणि मागून येणाऱ्या गळाचं टोक खालच्या ओठात रुतून बसतं. जी थुंकायची सवय मला तासभर छळत होती, तीच इथं कामाला येते. गळ पूर्ण उघडा असतो. लपवायचं काहीच नसतं.

याला आपला काबुली हरभरा एक नंबर. रात्रभर भिजवून शिजवलेला, बोटानं दाबला तर दबावा, पण फुटू नये. वीतभर मऊ विणलेल्या दोऱ्याच्या टोकाला छोटा फास करा. बारीक सुईनं तो हरभऱ्यातून ओवा. फासात तुराटीची आगपेटीच्या काडीहून बारीक चोय अडकवा, म्हणजे हरभरा सरकत नाही. हरभरा आणि गळाचा वाक यांत एक सेंटिमीटर मोकळं अंतर ठेवा. दोऱ्याचं दुसरं टोक गळाच्या नेढ्यातून पाठीच्या बाजूनं काढा, दांडीभोवती केसासकट सात-आठ वेढे घट्ट घ्या आणि पुन्हा त्याच बाजूनं नेढ्यातून ओढा. गाठ मारायची नाही, वेढेच धरून ठेवतात. रोहूला सहा किंवा आठ नंबरचा गळ पुरतो. नंबर वाढला की गळ लहान होतो, नवशिक्यांची इथं हमखास गल्लत होते.

शिसं साठ ते ऐंशी ग्रॅमचं, आणि चपटं. आपल्या धरणांच्या तळाशी काळ्या मातीचा लोण्यासारखा गाळ बसलेला असतो. गोल शिसं त्यात बुडून जातं आणि हरभऱ्यालाही आत खेचतं. गाळ जास्त वाटला तर गळाचा दोरा वीतभराऐवजी दीड वीत घ्या. वजन असं अडकवा की मोठ्या माशानं तंगूस तोडलंच, तर ते गळून पडलं पाहिजे. एवढं शिसं ओढत फिरणारा मासा कुठंतरी खोडाला अडकून मरतो.

गंमत म्हणजे हे सगळं विलायती असलं तरी त्यामागची अक्कल आपल्या तळ्यांवर आधीपासून आहे. तारेच्या स्प्रिंगभोवती ढेप-कोंड्याचा भुसभुशीत गोळा थापतात आणि चार-सहा छोटे गळ बाहेरच्या अंगाला नुसते टेकवतात. गोळा विरघळून पाण्यात धुरासारखा पसरतो, मासा तो धूर ओढतो आणि त्यासोबत उघडा गळही. कटल्याला मी आजही हेच वापरतो, मात्र तरंगत्याखाली अर्ध्या पाण्यात टांगून. माझे तरंगते मोरपिसाच्या दांडीचे आहेत. लहानपणी ज्वारीच्या धांड्याचा गाभा लावायचो. तो तासाभरात पाणी पितो, पण फुकट असतो.

जागा निवडण्याबद्दल खूप लिहिता येईल, दोनच सांगतो. एक, वारा ज्या काठावर लाटा आपटवतो तो काठ धरा. तोंडावर वारा येतो, फेकायला त्रास होतो, म्हणून लोक पाठीवर वारा घेऊन बसतात आणि मासे समोरच्या काठावर चरत राहतात. दोन, बुडबुडे पाहा. एकाच जागी भसकन येणारे मोठे बुडबुडे म्हणजे गाळातला वायू. बारीक, रांगेनं पुढं सरकणारे म्हणजे तळ उकरत जाणारा सायप्रिनस किंवा मृगळ. त्याच्या डोक्यावर नको, त्याच्या वाटेवर दोन-तीन हात पुढं टाका. आणि काठावर पाय आपटत फिरू नका. या कुळात हवेची पिशवी आणि कान यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी असते, तुमचं पाऊल त्याला आपल्या अंदाजापेक्षा फार आधी ऐकू जातं. गप्पांचं एवढं वावडं नाही.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर असताना हिरव्या पडलेल्या छोट्या तळ्यावर पहाटे जाण्यात अर्थ नाही. रात्रभर शेवाळानं प्राणवायू ओढलेला असतो आणि पहाटे तो सगळ्यांत कमी असतो. मासे वर तोंड काढून धापा टाकत असतात, खाणार काय! ऊन चढल्यावर, नऊनंतर जा. पौष-माघात थंडीमुळं दुपारी बारा ते चार. आषाढात पहिल्या पुराला मासे प्रवाहाच्या तोंडाशी गोळा होतात आणि सहज मिळतात, पण त्या वेळी पोटं अंड्यांनी भरलेली असतात. मी त्या दिवसांत काठी माळ्यावर ठेवतो. श्रावण त्यानंतर येतोच.

कुठं जायचं, हे लोक हमखास विचारतात. मोर्शीजवळ सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा, तेल्हाऱ्याकडचं वान, अंजनगावकडचं शहानूर, पाणी पुष्कळ आहे. पण धरण सरकारी आहे म्हणजे मासे कोणाचेच नाहीत, असं समजू नका. बहुतेक जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांनी ठेक्यानं घेतलेले असतात, बोटुकली त्यांच्या पैशांनी सोडलेली असते. आधी संस्थेत जाऊन विचारा, पैसे भरा, त्यांच्या जाळ्यांपासून लांब बसा. महानच्या काटेपूर्णा जलाशयाभोवती अभयारण्य आहे आणि मेळघाटातल्या सिपना, गडगा या नद्या वाघांच्या हद्दीत आहेत. तिथं गळ नेऊच नका. पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारायला तर 1897 सालच्या कायद्यापासून बंदी आहे.

मासा लागला की झोळीत घ्या, ओल्या पोत्यावर ठेवा, ओल्या हातानं धरा. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही मग बुरशी येऊन मरतो. खायला एक न्या. मी रोहू नेतो. सायप्रिनसला चिखलाचा वास येतो, आमच्या घरी तो कढईत चढत नाही.

भोईकाका त्यानंतर मला बऱ्याचदा भेटले. टाकीतल्या माशांचा प्रयोग मी त्यांना रंगवून सांगितला. ते म्हणाले, “एवढं कायले केलं? मले इचारलं असतं तं सांगतलं असतं.”

पावसाळा संपून पाणी निवळत आलं की थंडी पडायच्या आधीचे पाच-सहा आठवडे वर्षातले सगळ्यांत चांगले. जाल तेव्हा तुटलेलं तंगूस काठावर टाकून येऊ नका. गेल्या वर्षी अशाच एका गुंत्यात पाय अडकलेला वंचक बगळा मी कात्रीनं सोडवला, त्याचं एक बोट गेलं. तुकडे खिशात घालून घरी आणा, बारीक कापा आणि मग कचऱ्यात टाका.