उंदीर, हॅमस्टर की गिनीपिग?

मुलांनी "आपण प्राणी पाळू या ना" म्हटलं की मोठी माणसं आधी आकार बघतात. कुत्रा नको, त्याला फिरवायला कोण नेणार? मांजर नको, सोफा फाडेल. पोपट तर नकोच, त्याला पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे (हे अजून पुष्कळांना माहीत नाही!). मग नजर खाली खाली येते ती थेट तळहातावर मावणाऱ्या जिवाकडे. लहान प्राणी, लहान पिंजरा, लहान खर्च... आणि कुणी मोठ्यानं बोलत नाही, पण लहान आयुष्य. हौस फिटली तर फार वर्षं निभवायला नको!

आमच्या घरी गेल्या पावसाळ्यात हाच विषय दोन महिने चालला होता. नात, म्हणजे चिऊ, चौथीत. तिला 'कुणीतरी' हवं होतं. हे २०२३ मध्ये गेले, तेव्हापासून ती शाळेतून आली की आधी त्यांच्या खोलीत डोकावते आणि मग दप्तर टाकते. दोन वर्षं झाली तरी ही सवय गेलेली नाही. त्यामुळे 'कुणीतरी' हवं, याचा अर्थ घरात सगळ्यांनाच कळला होता, फक्त बोललं कुणी नाही.

मुलगा म्हणाला, "आई, हॅमस्टर आणू. एक छोटा पिंजरा, मूठभर दाणे, दोन वर्षं, झालं."

सून म्हणाली, "आणि दोन वर्षांनी? पुन्हा तेच सगळं? मला नाही वाटत आई, तिला आत्ता हे झेपेल."

दोघांचंही म्हणणं एकाच आकड्यावर उभं होतं, दोन वर्षं! एकाला तो आकडा सोयीचा वाटत होता, दुसरीला भीतीचा. त्या दोन वर्षांत त्या जनावराचं अख्खं आयुष्य येतं, बालपण, तारुण्य, म्हातारपण सगळं, हे मात्र दोघांच्याही हिशेबात नव्हतं.

आता माझंही सांगते. उंदीर या जातीशी माझं कधी जमलं नाही. मुंबईत १८९६ साली प्लेग आला आणि पुढं तो देशभर पसरला, त्या दिवसांच्या गोष्टी माझी आजी सांगायची. घरात उंदीर पडला की माणसं घर सोडून शेतात झोपड्या बांधून राहायची. 'उंदीर पडला' हे दोन शब्द ती अजूनही आवाज खाली आणूनच उच्चारायची. गणपतीच्या पायाशी बसलेल्या मूषकाला आपण हात जोडतो आणि स्वयंपाकघरात आलेल्याला पिंजरा लावतो. 'मूषक' या शब्दातच 'मुष्' म्हणजे चोरणे हा धातू आहे, तेव्हा नाव ठेवणाऱ्यांचंही मत काही फार चांगलं नव्हतं! अशा घरात पैसे मोजून उंदराचा भाऊबंद आणायचा म्हणजे...

असो. शिक्षकाची सवय, वाद वाढला की वही काढायची. चिऊला एक वही दिली आणि पाच रकाने आखायला लावले. झोपतो कधी? एकटा की जोडीनं? खातो काय? ऊन सोसतो का? जगतो किती? 'दिसतो कसा' हा रकाना मुद्दाम ठेवला नाही, कारण त्यात सगळेच पहिले येतात.

पहिला नंबर पांढऱ्या उंदरांचा. लहान उंदीर दीड-दोन वर्षं जगतो, मोठा पांढरा उंदीर दोन ते तीन. मोठा फार हुशार, माणसाला ओळखतो, सोबत मात्र लागतेच. गुणपत्रिका चांगली होती हो! पण त्याच्या लांब शेपटीकडं बघून मीच म्हटलं, बाकी कुणीही चालेल. ज्या घरात एक माणूस त्या प्राण्याला हात लावायला कचरतं, तिथं त्या प्राण्यानं येऊ नये. हा नियम त्याच्याही भल्याचा आहे.

मग हॅमस्टर. याची गोष्ट चिऊला फार आवडली. इस्रायल अहरोनी नावाचे एक प्राणिशास्त्रज्ञ होते, जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले. १९३० साली त्यांनी सीरियातल्या अलेप्पोजवळच्या शेतात खोल खणून एक मादी आणि तिची पिल्लं बाहेर काढली. आज जगभर घराघरांत असलेले बहुतेक सगळे सोनेरी हॅमस्टर त्या एका बिळातल्या पिल्लांचे वंशज आहेत. गालात पिशव्या असतात, त्यात दाणे भरून बिळात नेऊन साठवायचे हा मूळचा धंदा. पिंजऱ्यातही तो तेच करतो.

पण रकाने भरायला घेतले आणि अडचण आली. हॅमस्टर दिवसभर झोपतो आणि रात्री जागतो. चिऊ शाळेतून येणार साडेपाचला, तेव्हा हे महाशय गाढ झोपेत. उठवलं तर दचकून चावणार. आणि चिऊ झोपली की याचं चाक सुरू, खर्र खर्र खर्र... रात्री दोन वाजता घरात जागं कोण असतं? मी! म्हणजे पाळणार नात आणि सोबत होणार आजीची. दुसऱ्या रकान्यात लिहावं लागलं, 'एकटाच'. मोठे झालेले सोनेरी हॅमस्टर एका पिंजऱ्यात ठेवले तर जीव जाईपर्यंत भांडतात.

"एकटा राहून कंटाळत नाही तो?" चिऊनं विचारलं.

"नाही गं. त्याला तसंच बरं वाटतं."

ती थोडा वेळ पेन्सिल चावत बसली. मग म्हणाली, "आजी, तू कोण? हॅमस्टर?"

मी म्हटलं, "रात्री जागते म्हणून अर्धी हॅमस्टर. पण एकटं राहायला मला नाही बाई जमत."

तिनं यावर काही म्हटलं नाही, फक्त पुढचं पान उलटलं आणि 'गिनीपिग' असं मोठ्या अक्षरात लिहून खाली दोन रेघा मारल्या.

गिनीपिग हे नाव म्हणजे दुहेरी फसवणूक आहे. हा प्राणी गिनी देशाचा नाही आणि डुकराशीही याचं काही नातं नाही. मूळ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी याला माणसाळवलं ते खाण्यासाठी, आणि पेरू देशात आजही खातात. सोळाव्या शतकात तो युरोपात पोचला आणि लाडका झाला. पुढं प्रयोगशाळेत गेला, तो इतका की 'माझा गिनीपिग करू नका' असं आपण मराठीतही म्हणायला लागलो. १९०७ साली नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रोलिख या दोघांना असं दिसलं की नुसतं धान्य घातलं तर गिनीपिगला खलाशांसारखा स्कर्व्ही होतो. बहुतेक प्राणी आपलं 'क' जीवनसत्त्व शरीरातच तयार करतात, माणसाला आणि गिनीपिगला ते जमत नाही. त्या छोट्या जिवांमुळे पुढं 'क' जीवनसत्त्वाचा शोध सोपा झाला. हे ऐकल्यावर चिऊ म्हणाली, "मग आपण त्याला रोज संत्रं देऊ!" नागपूरकर ना! पण संत्र्यात साखर फार, ते कधीतरी एखादी फोड. रोजच्यासाठी ढोबळी मिरचीचा तुकडा आणि सांभाराच्या (म्हणजे पुणेकरांच्या कोथिंबिरीच्या!) चार काड्या उत्तम.

खरं जेवण मात्र गवत. दिवसभर गवत. या सगळ्या प्राण्यांना कृंतक म्हणतात, म्हणजे कुरतडणारे. गिनीपिगचे तर सगळेच दात जन्मभर वाढत राहतात. गवत चावून ते झिजले नाहीत तर तोंड मिटेनासं होतं आणि जनावर उपाशी मरतं. दुकानात लसूणघास दाखवतात, ती वाढत्या पिल्लांना ठीक. मोठ्यांना रोज दिली तर तिच्यातल्या कॅल्शियमनं मूतखड्याची भीती. आपल्या अंगणातल्या दूर्वा मात्र चालतात, औषध न मारलेल्या असल्या की झालं. चतुर्थीला एकवीस दूर्वांची जुडी गणपतीला आणि उरलेला ढीग मूषकाच्या लांबच्या नातेवाइकांना... देवही हसत असेल!

गिनीपिगला सोबत लागतेच. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमांपासून एकटा गिनीपिग ठेवायला बंदी आहे. म्हणजे आणायचे तर दोन, आणि 'छोटा पिंजरा' ही कल्पना तिथंच संपली. दोघांना निदान सात-आठ चौरस फूट जागा हवी, तळ सपाट हवा, जाळीचा नको. पाय सोलतात. पळायचं चाक नको, पाठीला इजा होते. मुलानं जागा मोजली. खोल्या मोजून तीन, तेव्हा जागा उरली होती ती एकाच खोलीत, ह्यांच्या. तो टेप गुंडाळून गप्प बसला. मीच म्हटलं, "कपाट हलव रे. नाही तरी तिथं कुणी राहायलाच हवं."

चौथा रकाना आमच्या गावाचा खरा. गिनीपिगला बरं वाटतं ते साधारण १८ ते २४ अंशांत, आणि तिशीकडं गेलं की धोका. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ गाठतो! म्हणजे दुपारभर कूलर चालू, आणि वीज गेली तर? ओल्या फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली, बसायला मातीचं थंड कौल आणि घरात लक्ष ठेवणारं एक माणूस. ते माणूस कोण, हे सांगायला नको.

आणि शेवटचा रकाना. जगतो किती? पाच ते सात वर्षं.

सून हळूच म्हणाली, "आई, हे तिला नका सांगू." पण चौथीतल्या मुलीला बेरीज येते. तिनं बोटं मोजली आणि म्हणाली, "म्हणजे माझी दहावी आणि त्यांचं म्हातारपण एकदम." मग विचारलं, "तेव्हा ते आबांसारखे जातील?"

मी म्हटलं, "हो, जातील. त्याआधी पाच-सात वर्षं रोज सकाळी गवत मागतील."

"आणि तू?"

माझं वय ७४. या वहीत आकडे मांडायचे ठरवले तेव्हाच मला ठाऊक होतं की बेरीज माझ्यापर्यंत येणार. मी म्हटलं, "मी असेन तोवर दुपारचं गवत माझ्याकडे. नसेन तेव्हा ते तुझ्याकडे. म्हणून आत्तापासून दोघींनीही शिकून घ्यायचं." ती "बरं" म्हणाली. लहान मुलं 'बरं' किती सहज म्हणतात! सून उठून स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं बाहेर आली ती गवत कुठं मिळतं ते विचारतच.

घ्यायचे कुठून हा प्रश्न उरला. पाळीव प्राण्यांच्या दुकानांना २०१८ च्या नियमांप्रमाणे राज्य पशु कल्याण मंडळाची नोंदणी लागते, तेवढं आधी विचारून घ्यावं. आमच्या ओळखीच्या एका घरी एका दुकानानं 'दोन्ही माद्या' म्हणून दिलेली जोडी दोन महिन्यांत पाच झाली! गिनीपिगची पिल्लं जन्मतात ती डोळे उघडे, अंगावर केस, काही तासांत पळायला लागतात, त्यामुळे त्या घरात एका सकाळी नुसता गोंधळ. त्यांतल्या दोन बहिणी आम्ही घेतल्या. आणायच्या आधी प्राण्यांच्या डॉक्टरकडून त्या खरंच बहिणी आहेत ना, भाऊ-बहीण नाहीत ना, याची खात्री करून घेतली. दिवाळीचे फटाके संपेपर्यंत थांबलो, कारण हे जीव आवाजाला फार भितात.

नावं चिऊनं ठेवली, पुडी आणि वडी. (विदर्भाबाहेरच्या मंडळींसाठी : पुडाची वडी हा आमचा थंडीतला खास पदार्थ.)

पहिला आठवडाभर दोघी खोक्यात दडून होत्या. चिऊला मी बजावलं होतं, हात लावायचा नाही, फक्त जवळ बसून गृहपाठ करायचा. नवव्या दिवशी वडीनं तिच्या हातातून सांभाराची काडी ओढली. आता फ्रिजचं दार उघडलं की दोघी आतल्या खोलीतून शिट्ट्या मारतात. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन होतं आणि वहीत लिहिलं जातं. हे भित्रे प्राणी दुखणं लपवतात, वजन उतरणं हीच पहिली खूण. एक दिवस खाल्लं नाही तर वाट न बघता डॉक्टर गाठायचा, आणि घरातलं औषध मुळीच द्यायचं नाही, पेनिसिलिनसारखं औषध यांना विषासारखं आहे.

मला कुणी विचारलं, पहिला प्राणी म्हणून गिनीपिग घ्यावा का, तर माझं उत्तर असं : घरात दिवसा माणूस असेल, गवत मिळत असेल आणि पाच-सात वर्षांचा शब्द देता येत असेल तर जरूर घ्यावा. रात्रपाळीचं, एकटं राहणारं कुणी असेल तर त्याला हॅमस्टर शोभेल. पण 'लवकर मरतो म्हणून बरा' असा विचार मनात आला तर मुलांना चांगलं चित्रांचं पुस्तक आणून द्यावं.

चिऊ अजूनही शाळेतून आली की आधी त्या खोलीत जाते. आता आतून शिट्टी येते, एवढाच फरक.

आणि हो, सुट्टीत आमच्याकडे येणाऱ्यांनी मिठाई आणू नये. सांभाराची ताजी जुडी आणावी. दोन आणल्यात तर एक आमच्या वड्यांना होईल!