सही जुळत नाही

बी. कॉम.ला घसारा शिकवताना सरांनी मोटारीचंच उदाहरण घेतलं होतं. मोटार घेतली की दरवर्षी तिची किंमत उतरत जाते आणि शेवटी हिशेबाच्या वहीत नावापुरता रुपया उरतो. बँकेतल्या बावीस वर्षांच्या नोकरीत या सिद्धान्ताला कुणी धक्का लावला नव्हता. तो लावला आमच्या साडूंनी, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, ट्रॉय गावी, त्यांच्या गॅरेजात.

साडू दिवसा इंजिनिअर आहेत. रात्री ते १९५७ सालच्या शेव्हर्ले बेल एअर गाडीचे सेवेकरी असतात. हिवाळ्यात मेहुणीची रोजची गाडी बाहेर बर्फात कुडकुडते आणि ही बाई आत गॅरेजात रजई पांघरून! आम्ही उभयता तीन आठवड्यांसाठी गेलो तेव्हा ऑगस्ट होता. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर १९९५ पासून दर ऑगस्टात जुन्या गाड्यांची जत्रा भरते. तिथं गाडी न्यायची, असा साडूंचा पण होता. इंजिन, चाकं, रंग सगळं झालं होतं. राहिले होते फक्त दागिने.

दागिने हा शब्द माझा नव्हे, मेहुणीचा. "मला पाटल्या करायच्या म्हटलं की बजेट नसतं," ती म्हणाली, "आणि हिच्या अंगावर बघा, भाऊजी!"

मी बघितलं. पुढची जाळी सोनेरी. दोन्ही बाजूंना पुढच्या मडगार्डवर तीन-तीन सोनेरी खुणा, हवालदाराच्या बाहीवरच्या फितींसारख्या. मागं उंच पंख आणि त्यांच्या कडेला रेघारेघांचा ॲल्युमिनियमचा पत्रा. पेट्रोलचं झाकण कुठंच दिसेना. ते डाव्या पंखाच्या चकचकीत पट्टीमागं लपवलेलं असतं, हे साडूंनी पट्टी उघडून दाखवलं. माहेरच्या माणसानं चोरकप्पा दाखवावा, तसं.

मग माझी भरती झाली. स्टेनलेस स्टीलच्या पट्टीला पोचा आला तर ती नवी आणायची नाही. आतल्या बाजूनं छोट्या हातोडीनं हळूहळू ठोकून तो उठवायचा, मग कानस, मग पॉलिश पेपर, मग बफ. एक वीतभर पट्टीला माझे दोन दिवस गेले. नवी पट्टी कॅटलॉगात मिळते, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. "मिळते हो," साडू म्हणाले, "पण ती आत्ताची. ही सत्तावन्नची." त्याहून भाग्याची वस्तू म्हणजे सत्तावन्नच्या आसपास बनलेली, पण कुणीच न वापरलेली, जुन्या खोक्यातच पडून राहिलेली. तिला सोन्याचा भाव. आमच्याकडं दहा वर्षं कुणी विचारलं नाही तर ठेव रिझर्व्ह बँकेच्या फंडात जाते. यांच्याकडं लिलावात.

अशाच एका खोक्यातून साडूंनी बॉनेटवरचा मोठा सोनेरी 'व्ही' काढला. किती डॉलर पडले ते त्यांनी मला कानात सांगितलं, मेहुणी घरात असूनही. आधीचा व्ही डागाळलेला होता, तो काढून हा बसवायचा. व्ही म्हणजे व्ही-आठ, आठ सिलिंडरचं इंजिन. सहा सिलिंडरवाल्यांना नुसतं कंपनीचं नाव, वर व्ही नाही.

आता मी पडलो कारकून. कुठलंही खातं दिसलं की आधी क्रमांक वाचतो. डाव्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवर होतं, सी ५७.

"व्ही-आठ असली की क्रमांक काय असतो?" मी सहज विचारलं.

साडूंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "व्हीसी ५७."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनीच सांगितलं. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. गाडी जन्मली सहा सिलिंडरची. मधल्या कुठल्यातरी मालकानं आठाचं इंजिन घातलं, भोकं पाडली आणि व्ही ठोकला. "इंजिन तर आठाचंच आहे ना? मग व्ही खोटा कसा?" हे ते मला विचारत नव्हते. अकरा वर्षं स्वतःलाच विचारत होते. "पण मी सगळ्यांना सांगत आलोय, कारखान्यातून निघाली तश्शी करणार. तुम्ही सांगा. तुमच्याकडं काय करतात?"

काय करतात! पैसे भरपूर असले तरी सही जुळली नाही तर चेक परत करतात. हे मी मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, "जेवायला बोलावताहेत."

जत्रेच्या आदल्या रात्री गॅरेजात उशिरापर्यंत दिवा होता. सकाळी बॉनेट कोरं होतं, भोकं बुजवून वर रंगाचा हात फिरवलेला. वुडवर्डवर एक म्हातारे गोरे गृहस्थ वाकून बराच वेळ बघत राहिले. मग साडूंना म्हणाले, सहाची दिसते, हल्ली कुणी सहाची ठेवत नाही. साडूंनी बॉनेट काही उघडलं नाही. पण चेहरा असा, की जावई पसंत पडला!

निघताना त्यांनी तो नवा व्ही माझ्या बॅगेत कोंबला. हल्ली तो पुण्यात माझ्या स्कूटरवर आहे, चिरंजीवांनी बसवलाय. शेजारी विचारतात, व्ही म्हणजे काय?

मी म्हणतो, आडनाव.

आमचं आडनाव कुलकर्णी आहे.