न दिसणाऱ्याची खूण

लोणारच्या काठावर पाहुणे आम्हां बुलढाणेकरांस हटकून विचारतात, "तो दगड कोठें आहे?" सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें विवर पाडणारी उल्का आघातासरशीं बहुतांशीं विरून गेली. १९७३ सालीं शास्त्रज्ञांनीं तिची ग्वाही दिली ती दाबानें कांच झालेल्या खनिजावरून.

जिनीव्हाजवळील २७ किलोमीटर परिघाच्या भुयारांत प्रोटॉनांवर प्रोटॉन आदळवितात, तेथील न्यायही हाच. आघातांतून निपजणारे कण डोळ्यांस दिसत नाहींत. 'सीएमएस' नामक कणशोधक यंत्र त्यांच्या खुणा टिपतें. आंतील सिलिकॉनच्या थरांवर विद्युद्भारित कणाची वाट उमटते. चुंबक ती वांकवितो व वांकणावरून संवेग कळतो. पुढें स्फटिकांत इलेक्ट्रॉन व प्रकाशकण, आणि पितळेच्या थरांत प्रोटॉनादि कण आपली ऊर्जा टाकतात. त्यांतूनही निसटलेली ऊर्जा मोजण्यास चुंबकाबाहेर प्लास्टिकच्या पट्ट्या आहेत; कण शिरतांच त्या प्रकाशतात. त्या घडविण्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. म्यूऑन तेवढा सर्व भेदून बाहेरच्या वायुपेट्यांत नोंदला जातो. न्यूट्रिनो तर खूणही ठेवीत नाहीं. जमाखर्चाचा मेळ बसेना, म्हणजे तो निसटला असें समजावयाचें.

२०१२ सालीं सांपडलेला हिग्ज कणही असाच, मागें राहिलेल्या कणांवरून ओळखला गेला.

न दिसणारें नाहींच म्हणणें सोपें. तें वाटेल तसें मानणें त्याहून सोपें. खुणांचा हिशेब मागणारा तिसरा मार्ग कष्टाचा खरा, परंतु घरांतील मुलांस तोच शिकवावा असें आम्हांस वाटतें.