शिंगाची मूठ

आमच्या ऑफिसात प्रत्येकाला एकेक खूळ आहे. कुणी सायकलवर सिंहगड चढतो, कुणी बाल्कनीत टोमॅटो लावतो, एक जण तर रविवारी पहाटे उठून पाव भाजतो आणि सोमवारी सगळ्यांना खायला लावतो. माझं खूळ सुरू झालं ते एका रात्री अडीच वाजता, रिलीज अडकलेला असताना. बिल्ड व्हायला वीस मिनिटं लागणार होती म्हणून यूट्यूब उघडलं, तर तिथे एक दाढीवाला अमेरिकन माणूस जुन्या कानशीतून शिकारीची सुरी घडवत होता. पातं वीतभर, मूठ हरणाच्या शिंगाची. खडबडीत, तपकिरी, बघताक्षणी हातात घ्यावीशी वाटेल अशी. बिल्ड फेल झाला, पुन्हा लावला, तरी मी तेच बघत होतो. पहाटे घरी जाताना ठरवलं, आपण अशी सुरी करायची. स्वतःच्या हाताने.

(ज्या माणसाने घरातला बल्बसुद्धा आईला विचारून बदललाय, त्याने हे ठरवलं. असो.)

मग नेहमीप्रमाणे आधी वाचन. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पश्चिमेकडे सरकणाऱ्या शिकाऱ्यांच्या आणि वसाहतवाल्यांच्या कमरेला अशा सुऱ्या असत. त्यातली सगळ्यात गाजलेली बोवी सुरी. तिला नाव देणारा जेम्स बोवी १८३६ मध्ये अलामोच्या लढाईत मेला. पैसेवाल्यांच्या सुऱ्या इंग्लंडातून, शेफिल्डहून यायच्या. बाकीच्यांना गावचा लोहार झिजलेली कानस, गाडीची स्प्रिंग, जे मिळेल ते ठोकून पातं करून द्यायचा. मूठ म्हणजे हाताशी असेल ते लाकूड, हाड, नाहीतर शिंग. मजा म्हणजे पुढे शेफिल्डच्या कारागिरांना मुठीसाठी सगळ्यात जास्त आवडलं ते आपल्याकडचं सांबराचं शिंग, कारण ते आतून भरीव असतं. म्हणजे जो 'अमेरिकन' माल बघून मी वेडा झालो होतो, त्यातला थोडाफार आपल्याच जंगलातून गेलेला असणार!

आता लोखंड. लोणावळ्याला आपण सगळेच जातो. पावसात भुशी डॅम, येताना चिक्की, आणि ट्रॅफिकमध्ये तीन तास. या वेळी मी जुन्या हायवेवर कामशेतला थांबलो आणि भंगारवाल्याकडून ट्रकच्या स्प्रिंगचा एक तुटका पाटा घेतला. घाटात माल वाहून वाहून हे पाटे तुटतात. या पोलादात साधारण अर्धा-पाऊण टक्का कार्बन असतो, म्हणजे कडक करता येतं आणि धारही टिकते. आपल्याकडचे कोयते कित्येक वर्षं याच पाट्यांचे होतायत.

लोहार मिळाला पवनानगरच्या रस्त्याला. पत्र्याची शेड, आत अंधार, सत्तरीचे मामा आणि त्यांच्याबरोबर घण मारणाऱ्या मामी. हो, घण मामीच मारतात. मामा सांडशीत लोखंड धरतात, छोट्या हातोडीने ऐरणीवर जागा दाखवतात, आणि त्यांनी दाखवलेल्या जागी मामींचा घण पडतो. दोघं एक शब्द बोलत नाहीत. आमच्या टीमने दोन वर्षं रोज सकाळी मीटिंग घेऊन जे साधलं नाही, ते इथे बघितलं.

मी मोबाईलवर फोटो दाखवला. मामांनी तो लांब धरून नीट बघितला.

"शिकारीला जायचंय का फोटू काढायला?"

"फोटो काढायला," मी खरं ते सांगितलं.

"मग बारकी कर. लई मोठी केली तर पोलीस इचारतील."

हे त्यांचं बरोबर होतं. पातं नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद असेल आणि ते घरगुती किंवा शेतीकामाचं नसेल, तर शस्त्रांच्या नियमात येतं. आम्ही साडेचार इंच ठरवलं.

पुढचे तीन शनिवार मी शेडमध्ये होतो. पहिल्या दिवशी फक्त पंख्याचं हँडल फिरवलं. (चामड्याचा भाता आता नाही, हाताने फिरवायचा पंखा आहे.) संध्याकाळी हात चमच्यालाही ऐकेना. दुसऱ्या शनिवारी पाटा तापवून, ठोकून, आकार आला. मग तो रात्रभर गरम राखेत पुरून ठेवला, म्हणजे हळूहळू निवून मऊ होतो आणि कानस चालते. रविवारी मी कानशीने घासत बसलो आणि मुठीच्या भागात रिव्हिटची भोकं पाडली. भोकं आधीच पाडायची, नंतर ड्रिल टेकतसुद्धा नाही.

तिसऱ्या शनिवारी पाणी द्यायचं होतं. लोखंड लाल करून एकदम थंड केलं की कडक होतं, एवढं शाळेतलं आठवत असेल. किती लाल, यातच सगळी मेख आहे. साधारण ७७० अंशांना लोखंडाला लोहचुंबक चिकटेनासं होतं, त्याच्या थोडं वर. मी पुण्याहून चुंबक घेऊन गेलो होतो. मामांना चुंबक लागत नाही, ते रंग बघतात. शेड अंधारी का असते ते मला तेव्हा कळलं. उन्हात तो रंग दिसतच नाही.

मामा म्हणाले, "फकस्त धार बुडव." पण मी व्हिडिओ बघितलेले. चुंबक चिकटेना झाल्यावर मी अख्खं पातं पाण्यात घातलं.

'टिंग.'

अगदी बारीक आवाज. पातं बाहेर काढलं तर धारेपासून वरपर्यंत केसासारखी चीर. तीन आठवड्यांचं काम, आणि इथे अन्डू नाही. मामींनी तोंडावर पदर घेतला, बहुतेक हसू लपवायला. मामा एवढंच म्हणाले, "पाटा उरलाय की."

दुसरं पातं मामांच्या देखरेखीखाली झालं. फक्त धार पाण्यात, पाठ वर लालच. मग बाहेर काढून धारेजवळ पॉलिश पेपर मारून चकाकी आणायची आणि गप्प बघत राहायचं. पाठीतली उष्णता धारेकडे सरकते, तसे रंग चालत येतात. आधी तुपासारखा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, शेवटी मोरपंखी निळा. पिवळा धारेला टेकला की लगेच सगळं पातं पाण्यात. पिवळ्याला धार टणक राहते पण काचेसारखी फुटत नाही, निळ्यापर्यंत गेलं तर मऊ पडते. हे सगळं काही सेकंदांत. मामांनी "आता" म्हटलं आणि मी बुडवलं. या वेळी 'टिंग' झालं नाही.

इथपर्यंतचं सगळं मी मित्रांना हौसेने सांगतो. पुढचं सांगत नाही, ते इथे लिहितो.

पातं झालं, आता मूठ. मला शिंगच हवं होतं. सांबरशिंग आमच्या घरात अनोळखी नव्हतं. आजीच्या बटव्यात त्याचा तुकडा असायचा, सूज आली की सहाणेवर उगाळून लेप लावायची. त्यामुळे डोक्यात ते वेखंड, जायफळ यांच्याच रांगेत होतं. सांबराची शिंगं साधारण दरवर्षी गळून पडतात आणि नवी येतात. मग पडलेलं उचललं तर बिघडलं कुठे?

कायद्याने बिघडतं, हे मला माहीत होतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. शिंग गळालेलं असलं तरी ते बाळगणं, विकणं गुन्हा आहे. पण मी स्वतःला सांगितलं की नुसतं विचारायला काय हरकत आहे. ओळखीच्या ओळखीतून विचारलं. दोन दिवसांनी अनोळखी नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. गोणपाटावर दोन शिंगं. खाली मेसेज, 'गळालेली आहेत. अजून लागली तर आणून देतो.'

मन शांत करायला मी त्याच दुपारी वाचून ठेवलं होतं की गळालेलं शिंग कसं ओळखायचं. त्याचं बूड आपोआप सुटलेलं असतं, गोलसर आणि खरबरीत. मारलेल्या जनावराच्या शिंगाला बुडाशी कवटीचं हाड असतं. मी फोटो मोठा केला. पहिल्याचं बूड गोल होतं. दुसऱ्याच्या बुडाला पांढरट हाडाचा तुकडा होता आणि त्यावर कुऱ्हाडीचे दोन घाव.

खूप वेळ मी तो फोटो बघत बसलो. खरं सांगतो, पहिला विचार 'हे भयंकर आहे' असा नव्हताच. पहिला विचार होता, 'मग पहिलंच घेऊ.' दुसरा विचार यायला अर्धा तास लागला. शिंग कापून मुठीच्या दोन फाकी केल्या की बूड उरतच नाही. गळालेलं कुठलं आणि मारलेलं कुठलं, ते मग कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. कायदा गळालेल्या शिंगाला सूट का देत नाही, हे मला कुठल्याही लेखापेक्षा त्या फोटोने नीट समजावलं. आणि 'अजून लागली तर आणून देतो' हे उत्तर होतं. प्रश्न मी विचारला होता.

त्याला नको म्हणून कळवलं. वनविभागाची १९२६ ही हेल्पलाईन आहे, तिथे फोन केला, पण दोन दिवसांनी. मधले दोन दिवस मी 'उगाच कशाला लफडं' असं म्हणण्यात घालवले. नंबर आणि फोटो दिला. तोपर्यंत तो नंबर बंद झाला होता. पुढे काय झालं मला माहीत नाही.

पुढच्या शनिवारी मूठ नसलेलं पातं घेऊन शेडवर गेलो आणि मामांना सगळं सांगितलं. वाटलं होतं रागावतील. ते म्हणाले, "रानात पडल्यालं शिंग साळिंदर खातंय. त्याच्या दाताला लागतंय ते. तुला काय दात न्हाईत व्हय?" मामी मोठ्याने हसल्या.

मग मामांनी कोपऱ्यातल्या ढिगातून एक लाकूड ओढून काढलं. नांगराचं मोडकं रुमणं, बाभळीचं. शिवारात ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर आल्यावर नांगर दुरुस्तीला येईनासे झाले, त्यातला हा एक, न्यायला कुणी आलंच नाही. पूर्वी मामांच्या वडिलांना गावाकडून बलुतं म्हणून भात मिळायचा. आता भाताच्या खाचरांत प्लॉट पडलेत, आणि विळे घ्यायला येणारी माणसं मामा बोटांवर मोजतात. रुमण्याची एक बाजू कित्येक वर्षांच्या हाताने इतकी गुळगुळीत झाली होती की मी ती तासलीच नाही. तीच बाहेर ठेवून दोन फाकी केल्या, पितळी सळईचे तुकडे रिव्हिट म्हणून ठोकले, जवसाचं तेल चोळलं.

व्हिडिओतल्या सुरीसारखी ती अजिबात दिसत नाही. पण त्या जुन्या लोहारांनी तरी काय केलं होतं? जवळ असलेलं लोखंड आणि हाताशी असलेली मूठ. कामशेतचा पाटा आणि मावळातलं रुमणं. मी दुसऱ्याच्या रानाचा फोटो बघून आपल्या रानात शिंग शोधत होतो, एवढीच चूक.

सुरी आता आईच्या ताब्यात आहे. परवा तिने त्याच सुरीने फणस कापला आणि "धार बरी आहे" म्हणाली, जे तिच्या भाषेत बरंच आहे. चीर गेलेलं पहिलं पातं ऑफिसात माझ्या मॉनिटरखाली असतं. लोक विचारतात तेव्हा पाण्याची गोष्ट सांगतो. शिंगाची आज पहिल्यांदा सांगितली.

मामांनी शिकवण्याचे पैसे घेतले नाहीत, फक्त कोळशाचे घेतले. त्याबदल्यात ऑक्टोबरात, भात कापणीच्या आधी, दोन शनिवार पंखा फिरवायला यायचं असं ठरलंय. अकरा विळे करायचे आहेत. दुसरं कुणी येणार असेल तर सांगा, पंख्याला दोघं लागतात :)