थोडक्या भाराचे बळ

बळ हवे तर भार उचलावा, हा व्यायामशास्त्राचा जुना दंडक आहे. परंतु ज्याला भार पेलवतच नाही, त्याने काय करावे? गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर हाच प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. काही आठवड्यांतच उजवी मांडी डावीहून बारीक झाली. खुर्चीतून उठायचे तरी घरच्यांचा हात धरावा लागे. गुडघ्याच्या वेदनेपेक्षा हे परावलंबन आम्हांला अधिक बोचत असे.

अशा वेळी फिजिओथेरपिस्टबाईंनी मांडीच्या वरच्या टोकाशी, रक्तदाब मोजतात तसा एक हवेचा रुंद पट्टा बांधला व पाय सरळ करण्याचा हलका व्यायाम सांगितला: प्रथम ३० वेळा, मग अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या विसाव्याने तीनदा १५ वेळा. वजन नाममात्र, पण शेवटी मांडी अशी पेटली की जणू आम्ही डोंगर चढून आलो.

ह्या पद्धतीचे जनक जपानचे योशिआकी सातो. १९६६ साली एका बौद्ध श्राद्धविधीत पाय दुमडून बराच वेळ बसल्याने त्यांच्या पोटऱ्या भरून आल्या. कठोर व्यायामानंतर येते तशीच ती जडता त्यांना वाटली, आणि त्यांनी स्वतःच्या देहावरच प्रयोग आरंभले. पुढे ही पद्धत 'कात्सू' नावाने प्रसिद्ध झाली.

पट्टा धमन्यांतून येणारे रक्त पूर्णपणे थांबवीत नाही, कमी करतो. शिरांतून परतणारे मात्र बहुतांशी अडवितो. त्यामुळे स्नायूला प्राणवायू अपुरा पडतो आणि श्रमातून निपजणारी द्रव्ये तेथेच साचतात. सौम्य तंतू लवकर थकतात. मग एरवी जड ओझ्यासाठीच जागे होणारे बलवान तंतू कामाला लागतात. म्हणून कमाल क्षमतेच्या २० ते ३० टक्के भारानेही स्नायू भरतो, बळ वाढते, आणि दुखऱ्या सांध्यावर ताण कमी येतो.

मात्र घरी दोरी आवळून हा प्रयोग कोणी करू नये. ज्यांच्या शिरांत पूर्वी रक्ताची गुठळी झाली आहे, ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, त्यांना तो घातक ठरू शकतो. दाब प्रत्येकाच्या अवयवानुसार मोजूनच द्यावा लागतो. शिवाय ज्याला जड भार पेलवतो, त्याला बळ वाढविण्यास तोच अधिक उपयोगी.

आमच्यासारख्या दुबळ्यांना मात्र ह्यात मोठा दिलासा आहे. ओझे हलके असले, तरी श्रम हलके नसतात. आणि श्रम केल्यावाचून गेलेले बळ परतत नाही. आज आम्ही कोणाचाही हात न धरता उठतो, एवढे सांगितले तरी पुरे.